करार लिहिणारे आणि करार वाचणारे
दिल्ली परिसरातील खासगी भागीदारीच्या तीन दशकांचा हिशेब

दिल्ली आणि नोएडा यांना जोडणाऱ्या डीएनडी उड्डाणमार्गावर यापुढे टोल आकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी दिला. न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने अलाहाबाद उच्च न्यायालयाचा २०१६ सालचा निकाल कायम ठेवला आणि नोएडा टोल ब्रिज कंपनीचे अपील फेटाळून लावले. हे काम स्पर्धात्मक निविदा न मागवता देण्यात आले. वाहनधारकांकडून शुल्क घेण्याचा अधिकार कंपनीकडे सोपवताना नोएडा प्राधिकरणाने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली. शिवाय प्रकल्पाचा खर्च आणि त्यावरील पुरेसा नफा कंपनीने केव्हाच वसूल केला आहे. न्यायालयाच्या निष्कर्षांचा हा सारांश होय.

यमुनेवरील हा मार्ग जेमतेम सव्वानऊ किलोमीटर लांबीचा आहे. तथापि सार्वजनिक कामांसाठी खासगी भांडवल उभारण्याचा जो प्रयोग देशात गेली तीन दशके चालू आहे, त्याचे गुण आणि दोष या एका प्रकरणात एकत्र पाहावयास मिळतात. टोल असावा की नसावा, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. टोलचे कलम कोण लिहितो, आणि नागरिकांच्या वतीने ते कोण वाचून पाहतो, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. वास्तविक टोलच्या प्रश्नाचे उत्तर याच दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे.

एका नव्या व्यवसायाचा उदय

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर केंद्र आणि राज्य सरकारांसमोर एक अडचण उभी राहिली. रस्ते, पूल, वीज आणि विमानतळ यांची गरज वेगाने वाढत होती, तर तिजोरीत त्यासाठी पुरेसा पैसा नव्हता. खासगी कंपनीने भांडवल घालावे, काम उभारावे, ठरावीक वर्षे उत्पन्न घ्यावे आणि मुदतीनंतर मालमत्ता सरकारकडे सोपवावी, असा मार्ग त्यातून पुढे आला. ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ हे शब्द मराठी वाचकांना तेव्हापासून परिचित आहेत.

या मार्गाने जाण्यासाठी एक वेगळे कौशल्य लागते. नेहमीच्या उद्योगाला कर्ज देताना बँक त्याची जमीन, यंत्रे आणि मालकाची पत पाहते. पुलाच्या बाबतीत जमीन सरकारची असते आणि पूल विकता येत नाही. त्यामुळे कर्ज द्यावयाचे ते केवळ भावी उत्पन्नाच्या भरवशावर. त्यासाठी प्रकल्पापुरती स्वतंत्र कंपनी स्थापन केली जाते. पुढील २०-३० वर्षांत किती वाहने येतील, टोल किती राहील, देखभालीला किती खर्च येईल, याचे अंदाज बांधले जातात. वाहने कमी आली तर तोटा कोणाचा, जमीन उशिरा मिळाली तर भुर्दंड कोणाला, कायदा बदलला तर काय, हे सर्व सवलत कराराच्या कलमांत उतरवले जाते. अशा करारांची पाने शेकड्यांनी मोजावी लागतात.

हे काम करणाऱ्या बँकर, अभियंते, वकील आणि सनदी लेखापालांचा एक वर्गच दिल्ली आणि मुंबईत निर्माण झाला. या वर्गाची पाठशाळा म्हणता येईल अशी संस्था म्हणजे इन्फ्रास्ट्रक्चर लीजिंग अँड फायनान्शियल सर्व्हिसेस, अर्थात आयएल अँड एफएस. सेंट्रल बँक ऑफ इंडिया, एचडीएफसी आणि युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी १९८७ मध्ये ती स्थापन केली. रवी पार्थसारथी यांनी प्रारंभापासून सुमारे तीन दशके तिचे नेतृत्व केले. मुख्यालय मुंबईत असले, तरी तिच्या अनेक महत्त्वाच्या प्रकल्पांची जन्मभूमी दिल्लीचा परिसर होती. मंत्रालये, महामार्ग प्राधिकरण आणि नियोजन आयोग दिल्लीतच असल्याने ते स्वाभाविकही होते.

वीस टक्क्यांचे कलम

डीएनडीची कल्पना १९९२ मध्ये आकाराला आली. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात केंद्रीय नगरविकास मंत्रालय, दिल्ली प्रशासन, नोएडा प्राधिकरण आणि आयएल अँड एफएस यांच्यात सामंजस्य करार झाला. १९९६ मध्ये नोएडा टोल ब्रिज कंपनीची स्थापना झाली आणि १२ नोव्हेंबर १९९७ रोजी ३० वर्षांच्या सवलत करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. सुमारे ४०८ कोटी रुपये खर्चून बांधलेला आठ पदरी मार्ग फेब्रुवारी २००१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. बांधकामाचा दर्जा आणि प्रवासात वाचणारा वेळ या दोन्ही दृष्टींनी तो यशस्वी ठरला, हे मान्य करावयास हवे.

वादाचे मूळ करारातील परताव्याच्या सूत्रात होते. कंपनीला एकूण प्रकल्प खर्चावर दरवर्षी २० टक्के परतावा मिळेल, असे कलम त्यात होते. ‘एकूण प्रकल्प खर्च’ या शब्दांची व्याख्या मात्र नेहमीच्या अर्थाहून निराळी होती. मूळ बांधकाम खर्चात मोठ्या देखभालीचा खर्च मिळवावयाचा आणि एखाद्या वर्षी २० टक्के परतावा पूर्ण मिळाला नाही, तर ती तूटही त्याच खर्चात जमा करावयाची, असे ठरले होते. पुढच्या वर्षीचा २० टक्के परतावा या वाढलेल्या रकमेवर मोजला जाई. ३० वर्षांत वसुली पूर्ण झाली नाही, तर कराराची मुदत दोन-दोन वर्षांनी वाढवण्याची तरतूदही होती.

या सूत्राचा परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब पाहू. प्रकल्पाचा खर्च ४०० कोटी रुपये आहे असे धरले, तर पहिल्या वर्षी ८० कोटींचा परतावा देय होतो. खर्च वजा जाता टोलमधून ३० कोटी मिळाले, तर ५० कोटींची तूट राहते आणि प्रकल्प खर्च ४५० कोटी होतो. दुसऱ्या वर्षी देय परतावा ९० कोटी. उत्पन्न वाढून ३५ कोटी झाले, तरी तूट ५५ कोटींची. खर्च आता ५०५ कोटी. तिसऱ्या वर्षी १०१ कोटी देय आहेत आणि मिळाले ४०, म्हणजे आणखी ६१ कोटींची भर. तीन वर्षांत उत्पन्न एक तृतीयांशाने वाढले, पण नागरिकांकडून वसूल करावयाची रक्कम कमी न होता ५६६ कोटींवर गेली. काहीच वसूल झाले नाही, तर २० टक्के चक्रवाढीने कोणतीही रक्कम चार वर्षांत दुपटीहून अधिक होते. गावच्या सावकाराच्या वहीतील हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला कळला असता. करारातील परिभाषेमुळे तो वर्षानुवर्षे झाकलेला राहिला.

महाराष्ट्राला अशा कलमांचा अनुभव आहे. दाभोळच्या वीज प्रकल्पाच्या काळात भागभांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी देणाऱ्या केंद्रीय धोरणावर मोठी टीका झाली होती. पुढे २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला आणि राज्य वीज मंडळाला त्याचे परिणाम भोगावे लागले. डीएनडीचे सूत्र त्याहून पुढचे होते. येथे परतावा मालकांनी घातलेल्या भागभांडवलापुरता नव्हता, तर संपूर्ण प्रकल्प खर्चावर होता, आणि राहिलेली तूट त्या खर्चाचाच भाग होत होती.

नोएडातील निवासी कल्याण संघटनांच्या महासंघाने २०१२ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी निकाल लागला आणि टोलनाके बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून हिशेबांची तपासणी करून घेतली आणि अखेर २०२४ मध्ये निकाल दिला. म्हणजे करारावर स्वाक्षरी झाल्यापासून त्यातील शुल्कवसुलीची कलमे अंतिमतः रद्द ठरेपर्यंत २७ वर्षे गेली. त्यांपैकी १५ वर्षे वाहनधारक टोल भरत होते. तो पैसा काही परत मिळणार नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदलेले होते. ज्या करारावर सरकारी प्राधिकरणाची स्वाक्षरी आहे, तो पाळला जाईल असे गृहीत धरून सामान्य गुंतवणूकदारांनीही त्यात पैसा घातला. सरकारच्या स्वाक्षरीचा करार १९ वर्षांनी उच्च न्यायालयाने आणि २७ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवला, तर पुढच्या प्रकल्पात पैसा घालणारा अधिक सावध होतो आणि अधिक व्याज मागतो. वाईट करार न्यायालयात दुरुस्त होऊ शकतो, पण ती दुरुस्ती उशिरा होते आणि तिची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते. म्हणूनच स्वाक्षरीपूर्वीच्या वाचनाला महत्त्व आहे.

दोन शब्दांची किंमत

कराराच्या शब्दांना किती मोल असते, हे विमानतळ मेट्रोच्या वादाने दाखवून दिले. दिल्ली मेट्रो रेल महामंडळ आणि दिल्ली एअरपोर्ट मेट्रो एक्स्प्रेस ही कंपनी यांच्यात ऑगस्ट २००८ मध्ये ३० वर्षांचा करार झाला. या कंपनीत रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा वाटा ९५ टक्के होता. पूल, बोगदे आणि स्थानकांचे स्थापत्यकाम महामंडळाने करावयाचे, तर रूळ, यंत्रणा आणि गाड्या कंपनीने आणावयाच्या, अशी वाटणी होती. नवी दिल्ली स्थानक ते द्वारका हा २२.७ किलोमीटरचा मार्ग फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाला. जुलै २०१२ मध्ये उन्नत मार्गाच्या बांधकामात दोष आढळल्याने सेवा थांबवावी लागली. ऑक्टोबरमध्ये कंपनीने करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली. जानेवारी २०१३ मध्ये गाड्या पुन्हा धावू लागल्या, पण त्याच वर्षी ३० जूनला कंपनी बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवसापासून महामंडळाने सेवा चालवण्यास घेतली.

करारानुसार ९० दिवसांत दोष दूर करणे किंवा त्यासाठी ‘परिणामकारक पावले’ उचलणे महामंडळावर बंधनकारक होते. अशी पावले उचलली गेली की नाही, एवढाच मुख्य वाद होता. लवादाने २०१७ मध्ये कंपनीच्या बाजूने २,७८२ कोटी रुपये आणि त्यावर व्याज असा निवाडा दिला. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी तो मान्य केला, खंडपीठाने २०१९ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा कायम केला. पुनर्विचार याचिकाही फेटाळली गेली. व्याज धरून देय रक्कम ८ हजार कोटी रुपयांच्या आसपास पोहोचली. शेवटी १० एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिका मान्य करून आपलाच आधीचा निकाल फिरवला. गाड्या सुरक्षितपणे धावू शकतात, असे प्रमाणपत्र सुरक्षा आयुक्तांनी दिले होते. लवादाने या महत्त्वाच्या पुराव्याकडे दुर्लक्ष केले, असे न्यायालयाने म्हटले.

क्युरेटिव्ह याचिका मान्य होणे ही अत्यंत दुर्मीळ घटना आहे. दिल्ली मेट्रो महामंडळाची मालकी केंद्र आणि दिल्ली सरकारकडे समसमान आहे. तो शेवटचा दरवाजा उघडला नसता, तर या दोन शब्दांचा भार अखेर करदाते आणि मेट्रोचे प्रवासी यांच्यावर पडला असता. ‘परिणामकारक पावले’ म्हणजे नेमके काय आणि ते ठरवणार कोण, याची चार ओळींची व्याख्या करारात आणि तांत्रिक निर्णयासाठी एक तटस्थ अभियंता, एवढी तरतूद या वादाचे स्वरूप बदलण्यास पुरेशी ठरली असती.

जोखीम कोठे जाते?

खासगी भागीदारीचे समर्थन करताना जोखीम खासगी कंपनी घेते, असे सांगितले जाते. गुडगावच्या, म्हणजे आजच्या गुरुग्रामच्या, रॅपिड मेट्रोचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. पूर्णतः खासगी पैशांतून उभी राहिलेली देशातील पहिली मेट्रो म्हणून तिचे नोव्हेंबर २०१३ मध्ये स्वागत झाले. प्रकल्पामागे पुन्हा आयएल अँड एफएस हीच संस्था होती. २०१७ मध्ये मार्ग वाढवण्यात आला. प्रवासीसंख्या मात्र अंदाजाइतकी वाढली नाही. कर्ज फेडणे अशक्य झाल्यावर कंपन्यांनी करार संपुष्टात आणण्याच्या नोटिसा दिल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली ही सेवा दिल्ली मेट्रोकडे आली. थकीत कर्जाच्या ८० टक्के रक्कम हरियाणाच्या शहरी विकास प्राधिकरणाने भरावी, या व्यवस्थेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केले.

हे ८० टक्के कोठून आले? ते कर्जदारांच्या संरक्षणासाठी करारातच लिहिलेले होते. प्रकल्प अर्ध्यावर सोडला गेला, तर कर्जाचा मोठा भाग सरकारने द्यावा, अशा तरतुदी या क्षेत्रात सर्वसाधारण आहेत. त्याशिवाय बँका पैसे देत नाहीत, हेही खरे. परंतु मग जोखीम खासगी हातांत गेली, असे म्हणता येत नाही. ती काही वर्षे तेथे मुक्कामाला होती आणि नंतर परत आली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. अशा संभाव्य देण्यांची नोंद अर्थसंकल्पात ठळकपणे होत नसल्याने, ती परत येईपर्यंत लोकप्रतिनिधींनाही तिची कल्पना नसते.

आयएल अँड एफएसच्या पतनाने हेच चित्र देशव्यापी प्रमाणात दिसले. रवी पार्थसारथी जुलै २०१८ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव पायउतार झाले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत या समूहाच्या देण्यांची परतफेड थांबली आणि १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या परवानगीने संचालक मंडळ बरखास्त केले. उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवे मंडळ नेमण्यात आले. तेव्हा समूहावर सुमारे ९१ हजार कोटी रुपयांचे कर्ज होते आणि त्याच्या कंपन्यांची संख्या ३०० हून अधिक असल्याचे उघड झाले. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत या कर्जरोख्यांना सर्वोच्च पतमानांकन होते. त्या भरवशावर भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन निधींनीही त्यांत पैसा गुंतवला होता. नोकरदाराच्या वेतनातून दरमहा कापला जाणारा पैसा अशा रीतीने पूल आणि मेट्रोच्या अंदाजपत्रकांत जाऊन अडकला.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला

या सर्व प्रकरणांतून खासगी भागीदारी म्हणजे लूट, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा ठरेल. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळाचा करार २००६ मध्ये जीएमआर समूहाच्या नेतृत्वाखालील कंपनीशी झाला. महसुलाचा ४५.९९ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला देण्याची बोली तिने स्पर्धेतून लावली होती. प्राधिकरणाकडे २६ टक्के समभागही राहिले. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांपूर्वी, जुलै २०१० मध्ये तिसरे टर्मिनल उभे राहिले. पुढे प्रवाशांकडून घेतलेल्या विकास शुल्कावर महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये कडक आक्षेप नोंदवले, ही त्याची दुसरी बाजू. तरीही काम वेळेत उभे राहिले आणि महसुलाचा वाटा सार्वजनिक तिजोरीत आला. स्पर्धा असेल आणि निकष स्पष्ट असेल, तर फरक पडतो, हे यावरून दिसते.

मुख्य असमतोल माणसांचा आहे. खासगी बाजूला बसलेला वित्ततज्ज्ञ याच कामात २०-२५ वर्षे घालवतो. एका करारात सापडलेली त्रुटी तो पुढच्या करारात आपल्या बाजूने वापरतो. त्याच्यासमोर बसलेला सरकारी अधिकारी हुशार असतो, पण कालपर्यंत तो शिक्षण किंवा पुरवठा खात्यात होता आणि दोन-तीन वर्षांनी आणखी कोठे तरी जाणार असतो. कराराचे आयुष्य ३० वर्षांचे आणि अधिकाऱ्याचा कार्यकाळ तीन वर्षांचा. शिवाय निवृत्तीनंतर अशाच कंपन्यांत पद मिळण्याची शक्यता असते. अखिल भारतीय सेवांतील अधिकाऱ्यांना खासगी नोकरीपूर्वी दोन वर्षे थांबण्याची अट होती. ती २०१५ मध्ये एका वर्षावर आणण्यात आली.

सरकारच्या बाजूने हे काम आयुष्यभराचे व्रत म्हणून करणारी माणसे मोजकी झाली. त्यांत गजेंद्र हल्दिया यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागेल. भारतीय प्रशासकीय सेवेतील या अधिकाऱ्याने २००३ च्या वीज कायद्याच्या प्रारंभिक मसुद्यावर काम केले आणि नंतर नियोजन आयोगात माँटेकसिंग अहलुवालिया यांचे सल्लागार म्हणून महामार्ग, बंदरे आणि मेट्रो यांसाठी आदर्श सवलत करारांचे मसुदे तयार केले. प्रत्येक प्रकल्पात कंपनीच्या वकिलाने आणलेल्या कागदावर वाटाघाटी करण्याऐवजी सरकारचा कागद आधी टेबलावर असावा, ही त्यामागील भूमिका होती. किफायतशीर न ठरणाऱ्या प्रकल्पाला सरकारने एकरकमी साहाय्य द्यावे आणि कमीत कमी साहाय्य मागणाऱ्याला काम मिळावे, ही व्यवहार्यता तफावत निधीची योजनाही याच काळात, २००६ मध्ये, कार्यान्वित झाली. महामार्ग मंत्रालयाशी हल्दिया यांचे मतभेद जाहीरपणे गाजले. त्यांच्या कठोर अटींमुळे कामे रखडतात, अशी टीका झाली आणि तिच्यात काही तथ्यही असू शकेल. पण टेबलाच्या सार्वजनिक बाजूला तितक्याच तयारीचा माणूस बसला, की करार कसा बदलतो, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखवले.

अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर २०१५ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले. सेवा पुरवण्याच्या जबाबदारीतून अंग काढून घेण्यासाठी सरकारने भागीदारीचा वापर करू नये, असे समितीने बजावले. प्रामाणिक चूक आणि भ्रष्टाचार यांत फरक करणारी दुरुस्ती कायद्यात व्हावी, अन्यथा अधिकारी निर्णयच घेणार नाहीत, असेही तिचे म्हणणे होते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये तशी दुरुस्ती झाली. २०१४ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह घोषित झालेली ‘थ्री-पी इंडिया’ ही तज्ज्ञ संस्था लवकर उभारावी, असा आग्रह समितीने धरला होता. दंडाची भीती कमी करण्याची शिफारस अमलात आली, पण ज्ञान साठवून ठेवण्याची शिफारस मात्र मागे पडली.

बदललेले आराखडे

दरम्यान अनुभवातून काही धडे घेतले गेले. २०१६ पासून महामार्गांसाठी आलेल्या संमिश्र पद्धतीत बांधकामाच्या काळात ४० टक्के रक्कम सरकार देते आणि उरलेली ६० टक्के पुढील वर्षांत हप्त्यांनी फेडली जाते. टोल सरकारकडे राहतो, त्यामुळे वाहतुकीच्या अंदाजाची जोखीम कंपनीवर नसते. दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गाचा निजामुद्दीन पुलापासून उत्तर प्रदेशच्या सीमेपर्यंतचा टप्पा याच पद्धतीने बांधून मे २०१८ मध्ये खुला झाला. दिल्ली-मेरठ जलद रेल्वेत, जिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला, बांधकामाचा पैसा सरकार आणि आंतरराष्ट्रीय विकास बँकांचा असून खासगी भागीदाराकडे केवळ गाड्या चालवण्याचे आणि देखभालीचे काम देण्यात आले. जेवर येथील विमानतळासाठी २०१९ मध्ये निकष एकच ठेवण्यात आला. प्रत्येक प्रवाशामागे सरकारला किती रुपये मिळणार? झुरिक विमानतळ कंपनीने ४००.९७ रुपयांची बोली लावली आणि काम मिळवले. बोलीचा हा आकडा कोणत्याही नागरिकाला समजतो.

महाराष्ट्रातील मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरणही येथे उपयुक्त ठरते. राज्य रस्ते विकास महामंडळाने हा मार्ग कर्ज काढून स्वतः बांधला आणि वाहतूक प्रत्यक्ष दिसू लागल्यावर २००४ मध्ये १५ वर्षांचे टोलवसुलीचे हक्क ९१८ कोटी रुपयांना दिले. ती मुदत संपल्यावर २०२० मध्ये पुढील सुमारे दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटी रुपयांचा करार झाला. बांधकामाची जोखीम सरकारने घेतली, मग सिद्ध झालेले उत्पन्न विकले. या मार्गावरील टोल इतकी वर्षे का चालू आहे, हा प्रश्न नागरिक विचारतात आणि तो रास्तच आहे. पण निदान येथे कोणी किती दिले, हे माहीत आहे. डीएनडीच्या बाबतीत देणे दरवर्षी वाढत होते आणि ते किती झाले, हे टोल भरणाऱ्याला समजण्याचा मार्ग नव्हता.

पुढे काय?

राष्ट्रीय मुद्रीकरण योजनेत २०२१ ते २०२५ या काळासाठी ६ लाख कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. सार्वजनिक मालमत्ता आणि खासगी पैसा यांचा संबंध यापुढे वाढतच जाणार, हे त्यावरून स्पष्ट होते. प्रत्येक वेळी न्यायालय वाचवील, अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. काही गोष्टी सरकारला आजही करता येतील. सवलत करार स्वाक्षरीपूर्वी जनतेसाठी खुला करावा. खर्च किती, वसुली किती आणि बाकी किती, याचा फलक प्रत्येक टोलनाक्यावर दरवर्षी लावावा. करार मोडल्यास सरकारवर येणाऱ्या देण्याचा आकडा अर्थसंकल्पासोबत मांडावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे करार वाचणे, तपासणे आणि ३० वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवणे, हेच ज्यांचे आयुष्यभराचे काम असेल, असा तज्ज्ञांचा कायमस्वरूपी गट सार्वजनिक सेवेत उभारावा.

वित्त, कायदा किंवा अभियांत्रिकी शिकून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांसमोर आज खासगी बाजूला चांगल्या पगाराच्या अनेक संधी आहेत. सार्वजनिक बाजूला तितक्या प्रतिष्ठेची आणि तितक्या दीर्घ मुदतीची वाट त्यांना दिसत नाही. ती निर्माण करण्यास येणारा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चाच्या तुलनेत अगदी किरकोळ असेल. १९९७ साली नोएडा प्राधिकरणाच्या बाजूने २० टक्क्यांच्या त्या सूत्राचा पुढील ३० वर्षांचा हिशेब कोणी कागदावर मांडून दाखवला असता, तर त्या कलमाखाली स्वाक्षरी करणे कोणालाही अवघड गेले असते.